एंजलफिशचं घरच्या टँकमधलं ब्रीडिंग

एंजलफिश म्हणजे तो चपटा, त्रिकोणी, वर-खाली लांब पर असलेला गोड्या पाण्यातला मासा, सिक्लिड कुळातला, मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अॅमेझॉन, ओरिनोको या नद्यांच्या खोऱ्यांतला. (समुद्रातला एंजलफिश वेगळा, नाव सोडलं तर दोघांचा काही संबंध नाही.) याच्या ३ जाती मानतात: स्केलेअर, अल्टम आणि लिओपोल्डी. दुकानात मिळतो तो जवळजवळ नेहमी स्केलेअर, तोही पिढ्यान्पिढ्या टँकमध्येच वाढलेला, म्हणून तर तो घरी अंडी देतो. ओरिनोको आणि रिओ नेग्रो या नद्यांच्या बाजूचा उंचापुरा अल्टम मात्र भल्याभल्यांना दाद देत नाही.

खरं सांगायचं तर अंडी मिळवणं सोपं आहे, पिल्लं जगवणं अवघड. बरेच जण अंडी दिसली की पेढे वाटायच्या तयारीत असतात आणि आठवड्याभरात टँक रिकामा.

सुरुवात पेअरपासून. नर-मादी बाहेरून ओळखू येत नाहीत, दुकानदार कितीही छातीठोकपणे सांगो. अंडी देण्याच्या एक-दोन दिवस आधी पोटाखाली छोटी नळी बाहेर येते तेव्हाच कळतं, नराची बारीक आणि टोकदार, मादीची जाड आणि बोथट. म्हणून ६-८ लहान मासे एकत्र वाढवायचे आणि त्यांचं त्यांना जमवू द्यायचं. आपण ठरवलेलं लग्न इथे चालत नाही, नको असलेल्या जोडीदाराला मारून मारून कोपऱ्यात बसवतात. साधारण ८ ते १२ महिन्यांत पेअर जमते, मग ते दोघे टँकचा एक कोपरा बळकावून बाकीच्यांना हाकलायला लागतात. कधीकधी दोन माद्याच पेअर करतात, दोघी अंडी घालतात आणि एकही फळत नाही, आणि आपण महिनाभर पाण्याला दोष देत बसतो.

पेअर जमली की ती वेगळ्या टँकमध्ये ठेवायची, ८०-१०० लिटरचा पुरतो, पण उंची हवी, दीड फूट तरी. तापमान २६ ते २८ अंश, पीएच ६ ते ७च्या दरम्यान, पाणी मऊ. बोअरचं पाणी बहुधा जड असतं, त्यात अंडी फळण्याचं प्रमाण घटतं. नळाचं पाणी बरं, फक्त क्लोरीन काढून वापरा.

अंडी उभ्या जागेवर घालतात, जंगलात पाण्यात बुडालेली पानं-मुळं, घरी अॅमेझॉन स्वोर्ड या पाणवनस्पतीचं पान, तिरकी ठेवलेली फरशी किंवा पीव्हीसी पाइपचा तुकडा. आमच्याकडच्या पेअरने सगळं सोडून हीटरची काच निवडली होती, आणि हीटर चालू झाल्यावर जे व्हायचं ते झालं. तेव्हापासून हीटरला जाळी. आधी दोघं मिळून ती जागा तोंडाने तासतात, मग मादी खालून वर हळू सरकत मण्यांच्या माळेसारखी एकेक ओळ चिकटवत जाते आणि नर मागोमाग त्यावरून फिरतो. तास-दोन तासांत शे-दोनशे अंडी होतात, मोठी मादी याहून बरीच जास्त देते. नंतर दोघं पाळीपाळीने परांनी वारा घालत उभे राहतात. पांढरी पडलेली अंडी न फळलेली असतात, त्यांना बुरशी लागते आणि ती शेजारच्या चांगल्या अंड्यांवर पसरते.

इथे दोन रस्ते. आईबापांकडेच ठेवा, ते सांभाळतात, पण नवी पेअर पहिल्या काही खेपेला बहुतेक अंडी खाऊनच टाकते, लाइट अचानक लावला तरी खाते. नाहीतर पाइप उचलून छोट्या टँकमध्ये ठेवा, तेच पाणी, थोडं मिथिलिन ब्लू (बुरशी रोखणारं निळं औषध), अंड्यांच्या शेजारी एअर स्टोनचे (एअर पंपाला जोडायच्या सच्छिद्र दगडाचे) बुडबुडे. अंडी अशी काढून घेतली की पेअर १०-१५ दिवसांत पुन्हा देते. आईबापांना पिल्लांमागे पोहताना बघणं हे मात्र एकदा तरी अनुभवावं, त्यासाठी एक खेप गेली तरी चालेल.

सुमारे ४८ ते ६० तासांत अंडी फुटतात. पिल्लं लगेच पोहत नाहीत, डोक्याने चिकटून नुसती शेपटी वळवळवतात, पोटातलं पिवळं बलक संपेपर्यंत त्यांना खायला काही लागत नाही. या दिवसांत घाईने खाणं टाकलं की पाणी नासतं. पुढे ४-५ दिवसांनी पोहायला लागली की खरा घोळ सुरू. त्यांना लागतं ताजं, जिवंत, हलणारं खाणं, म्हणजे अंड्यातून नुकतीच बाहेर आलेली आर्टेमिया, खाऱ्या पाण्यातला कोळंबीच्या जातीचा बारीकसा जीव. तिची अंडी मिठाच्या पाण्यात, जोरात हवा देऊन, २४ ते ३६ तासांत फुटतात, म्हणजे हा हिशोब पिल्लं पोहायच्या आदल्या दिवशीच सुरू करावा लागतो. खाल्ल्यावर दहा मिनिटांनी टॉर्च मारून बघा, पारदर्शक पिल्लाच्या पोटात नारिंगी ठिपका दिसला तर जेवण झालं. ज्याच्या पोटात ठिपका नाही ते सहसा टिकत नाही. उकडलेल्या अंड्याचा बलक वगैरे उपाय लोक सांगतात, पण त्याने पाणी आधी बिघडतं.

दिवसातून ३-४ वेळा थोडं थोडं खाणं, तळ रोज सायफन, आणि फिल्टर फक्त स्पंजचा, दुसरा कुठलाही पिल्लं ओढून घेतो. पावसाळ्यात लाइट गेली की एअर पंप बंद पडतो, बॅटरीवर चालणारा एक जवळ ठेवा. ४-६ आठवड्यांत पिल्लू एंजलच्या आकाराचं होतं, तोवर तो साधा लांबट मासाच दिसतो.

रंगाचं थोडं गणित आहे. सोनेरी रंग झाकलेला राहतो, म्हणजे दोन सिल्व्हर दिसणाऱ्या पण सोनेरी वाहक माशांपासून साधारण चौथा हिस्सा पिल्लं सोनेरी निघतात. काळ्या रंगाचा गुण आई आणि बाप दोघांकडूनही आला की पिल्लू पूर्ण काळंभोर, पण वाढायला नाजूक. पर मुडपलेली किंवा कल्ल्यांची झाकणं अपुरी असलेली पिल्लं पुढे ब्रीडिंगला घ्यायची नाहीत. बाकीची नाण्याएवढी झाली की दुकानदार घेतो, बऱ्याचदा पैशांऐवजी खाद्य देऊन.