शिळ्या कढीचा वाद आणि गन्स एन रोझेसचा पुढचा अल्बम

डिसेंबर २०२५ मध्ये गन्स एन रोझेस या अमेरिकन रॉक बँडची ‘नथिन’ आणि ‘अ‍ॅटलस’ ही दोन गाणी एकाच दिवशी आली. गाणी कशी आहेत याकडे चाहते जरा उशिरानेच वळले. आधी विचारलं गेलं ते हे, की ही नक्की कधीची? ‘अ‍ॅटलस’चं मूळचं लांब नाव जुन्या चाहत्यांच्या ‘न आलेल्या गाण्यां’च्या यादीत कित्येक वर्षं होतंच. पुढच्या अल्बमबद्दलचं सगळं बोलणं गेली काही वर्षं ‘नवा’ या एकाच शब्दापाशी अडतं आहे.

सुरुवातीच्या दिवसांबद्दल वेगळं सांगायला नको. १९८७ चा पहिला अल्बम, अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर जायला त्याला लागलेलं वर्ष, आणि सप्टेंबर १९९१ मध्ये एकाच दिवशी आलेले ‘यूज युअर इल्यूजन’चे दोन भाग. (आपल्याकडे दोन कॅसेट, म्हणजे दुप्पट पैसे. माझ्याकडे दुसरा भाग होता, मित्राकडे पहिला. उरलेलं काम कोऱ्या कॅसेटने केलं.) २३ नोव्हेंबर १९९३ ला दुसऱ्यांच्या गाण्यांचा एक अल्बम आला आणि मग शांतता.

शांतता म्हणजे बाहेरच्यांसाठी. आत एकेक जण गळत होता. उंच टोपीवाला गिटारवादक स्लॅश १९९६ मध्ये गेला, पाठोपाठ पुढच्या वर्षी बास गिटार वाजवणारा, म्हणजे बासवाला डफ मॅकेगन. बँडचं नाव गायकाकडे, म्हणजे अ‍ॅक्सल रोझकडे, राहिलं. ते कराराने राहिलं की दबावाने, यावर दोन्ही बाजूंनी इतकं बोलून झालंय की त्यात पडण्यात अर्थ नाही. पुढे झालं ते एवढंच, की जुन्या नावाखाली गायकाने जवळजवळ नवा बँड उभा केला. त्यातला एक गिटारवादक डोक्यावर तळलेल्या कोंबडीची कागदी बादली घालून वाजवायचा आणि त्याच्यासाठी स्टुडिओत खुराडं बांधून दिल्याचंही छापून आलं होतं.

बारसं आधी झालं, बाळ नंतर. ‘चायनीज डेमॉक्रसी’ हे नव्या अल्बमचं नाव १९९९ मध्ये जाहीर झालं. त्याच वर्षी एका हॉलिवूडपटासाठी एक गाणं आलं आणि आता अल्बम आलाच, असं सगळ्यांना वाटलं. जानेवारी २००१ मध्ये लास व्हेगास आणि रिओत नवी गाणी रंगमंचावर वाजली. तरी अल्बम नाही. रेकॉर्ड कंपनीचा धीर सुटला, तिने पैसे थांबवले आणि २००४ मध्ये जुन्या गाण्यांचा एक संग्रह काढून मोकळी झाली. २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या एका दैनिकाने खर्चाचा आकडा एक कोटी तीस लाख डॉलर सांगितला. अल्बमचा तेव्हाही पत्ता नव्हता. २००८ च्या मार्चमध्ये तर एका शीतपेय कंपनीने जाहीर केलं, की अल्बम याच वर्षी आला तर अमेरिकेतल्या प्रत्येकाला एक कॅन फुकट. (बँडमधून गेलेले दोन गिटारवादक तेवढे वगळून.) जूनमध्ये नऊ गाणी इंटरनेटवर फुटली आणि ती टाकणाऱ्याला अटक झाली. अखेर २३ नोव्हेंबर २००८ ला अल्बम आला. आधीच्या अल्बमनंतर बरोबर पंधरा वर्षांनी, तारीखसुद्धा तीच.

चौदा गाणी, अमेरिकेच्या यादीत तिसरा क्रमांक. वाईट अल्बम नव्हता तो, माझ्या मते त्याला अजून न्याय मिळालेला नाही. पण आजच्या वादाचं मूळ त्या चौदांत नाही, मागे राहिलेल्या गाण्यांत आहे. इतक्या वर्षांच्या ध्वनिमुद्रणातून चौदाच बाहेर पडली. बाकीच्या टेपा कपाटात राहिल्या. २०१९ मध्ये त्यातल्या बऱ्याच बाहेर फुटल्या आणि कपाटात काय आहे ते सगळ्यांना कळलं.

तोवर एप्रिल २०१६ मध्ये टोपीवाला आणि बासवाला परतले होते. त्यांच्यासोबतच्या दौऱ्याने अठ्ठावन्न कोटी डॉलरच्या वर गल्ला जमवला, म्हणजे रुपयांत मोजायला गेलं तर शून्यं पुरत नाहीत. साहजिकच नव्या अल्बमची मागणी सुरू झाली. ऑगस्ट २०२१ मध्ये ‘अ‍ॅब्सर्ड’ आलं, तर ते २००१ च्या मैफलींतलंच, ‘सिल्कवर्म्स’ या नावाने वाजलेलं. पुढच्याच महिन्यात ‘हार्ड स्कूल’, २०२३ मध्ये ‘परहॅप्स’ आणि ‘द जनरल’. सगळी त्याच कपाटातली; आवाज बहुतांशी जुना, गिटार आणि बास नव्याने वाजवलेले.

शिळ्या कढीला ऊत, असं एक गट म्हणतो. यावर दुसऱ्या गटाचं उत्तर मला पटतं, निदान अर्धं तरी. १९९१ चं कुठलं गाणं त्या वर्षी नवं होतं? ‘नोव्हेंबर रेन’ गायकाकडे निदान १९८६ पासून पडून होतं. ‘डोन्ट क्राय’ तर बँडच्या अगदी पहिल्या गाण्यांपैकी, आणि तेही शब्द बदलून दोन्ही भागांत घातलेलं. ‘बॅक ऑफ बिच’ बँड जमण्याच्याही आधीचं. तेव्हा कुणी तारीख विचारली नाही. गाणं मुरत ठेवायचं आणि वर्षांनी बाहेर काढायचं, ही या गायकाची पहिल्यापासूनची सवय आहे.

उरलेलं अर्धं असं, की १९९१ ला गाणं जुनं असलं तरी त्यात वाजवणारी माणसं बहुतेक तीच होती. आता ज्या माणसासोबत गाणं बसवलं तो नाही, त्याने वाजवलेला भाग पुसून त्या जागी टोपीवाल्याला बसवलंय. आवाज चाळिशीच्या आसपासचा, गिटार साठीच्या आसपासची. याला पुनर्मीलनाचं गाणं म्हणायचं का? मी तरी म्हणत नाही. गायक आणि टोपीवाला या दोघांनी एका खोलीत बसून शून्यापासून केलेलं एक गाणं हवंय आणि ते २०१६ नंतर आलेलं नाही.

म्हणूनच ‘किती वर्षं वाट पाहताय?’ याचं उत्तर माणसागणिक बदलतं. कपाटातली गाणी चालणारा २००८ पासून मोजतो. टोपीवाला हवाच म्हणणारा १९९१ पासून. मुंबईतही हे दोन हिशोब वेगवेगळे भेटतात. डिसेंबर २०१२ ला बँड शहरात आला तेव्हा गायक होता, टोपी नव्हती. १७ मे २०२५ ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर टोपी होती, बासवालाही होता. काही महिन्यांनी ती दोन गाणी आली आणि डिसेंबरभर त्यांच्या मूळ तारखा शोधणं चालू होतं. अल्बमची तारीख काही जाहीर झाली नाही.