प्रॉपर्टी कार्डावर वारस नोंद : अर्ज परत का येतो

वडिलांच्या नावानं घरफाळा येतो, वर्षानुवर्षं भरतोय, म्हणजे घर आपल्याच नावावर, असा समज कोल्हापुरात फार घट्ट आहे. बँकेत कर्जाला गेलं किंवा गिऱ्हाईक आलं की मग धावपळ सुरू होते. घरफाळा हा महापालिकेचा कर. तो भोगवटादाराच्या नावानंही लागलेला असतो. शहरातल्या जागेवर हक्क कोणाचा नोंदलाय, हे नगर भूमापन कार्यालयाच्या मिळकत पत्रिकेवर, म्हणजे प्रॉपर्टी कार्डावर बघायचं. आणि जुन्या पेठांतल्या कितीतरी कार्डांवर अजून आजोबाच आहेत.

कार्डावर वारसांची नावं लावायच्या अर्जात विशेष काही नाही. मिळकत पत्रिकेचा चालू उतारा (महाभूमीच्या संकेतस्थळावर डिजिटल सहीचा मिळतो), मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावं-पत्ते असलेलं प्रतिज्ञापत्र, ओळखपत्रं. सिटी सर्व्हे नंबरासोबत ए, बी, सी, डी, ई यातला वॉर्ड जरूर लिहा, नुसत्या नंबरावर कोल्हापुरात मिळकत सापडत नाही. प्रतिज्ञापत्रासाठी पाचशेचा स्टॅम्प आणायला कोणी सांगितलं, तर सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला २००४ पासून मुद्रांक शुल्क माफ आहे, हे नम्रपणे सांगा. एवढ्या वर्षांनीही हे सांगावं लागतं, याला काय म्हणायचं!

घोडं अडतं ते मृत्यूच्या दाखल्यावर. कार्डावर आजोबा आणि अर्ज नातवाचा, तर दाखले दोन लागतात, आजोबांचा आणि वडिलांचा. लोक वडिलांचा घेऊन येतात आणि आजोबांचा कोणाकडेच नसतो. शोधताना एक लक्षात ठेवा : मृत्यूची नोंद माणूस राहायचा तिथं होत नाही, वारला तिथं होते. आजोबा राधानगरीकडच्या गावचे, पण कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात वारले, तर नोंद कोल्हापूर महापालिकेत. मिरजेला दवाखान्यात गेले असतील तर सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेत बघा. ग्रामपंचायतीत हेलपाटे घालून उपयोग नाही. नोंद झालेलीच नसेल, तर आधी नोंद आढळत नसल्याचा दाखला घ्या, मग उशिराच्या नोंदीसाठी दंडाधिकाऱ्याचा आदेश. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानं एक वर्ष उलटलं की ही वाट चुकत नाही.

नावातला फरकही असाच नडतो. कार्डावर ‘बाळू गणू’, दाखल्यावर ‘बाळासाहेब गणपती’. दोन्ही नावांची व्यक्ती एकच, असं प्रतिज्ञापत्र द्याच, पण त्यासोबत शाळा सोडल्याचा दाखला किंवा जुनं खरेदीपत्र जोडलं तर काम पुढं सरकतं. जुने कागद मोडीत असतील तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या. मोडीचा कागद बघून साहेब मान डोलावतील, वाचणार नाहीत.

यापेक्षा मोठी चूक वारसांच्या यादीत होते. बहिणींची नावं गाळलेली असतात. “आक्कानं तोंडी सोडलंय, तिचं काही नाही,” हे वाक्य फार ऐकायला मिळतं. हिंदू कुटुंबात वडील मृत्युपत्र न करता गेले, तर मुलगा, मुलगी आणि विधवा सगळेच पहिल्या वर्गाचे वारस. मयताची आई हयात असेल तर तीसुद्धा, आणि म्हाताऱ्या आजीचं नाव तर हमखास राहतं. वडिलोपार्जित मिळकतीत २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क दिला. वडील त्याआधी वारले असले तरी तो जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. बहिणीला खरोखर सोडायचं असेल, तर आधी तिचं नाव वारस म्हणून लावा आणि मग दुय्यम निबंधकाकडे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करा. नोटरीपुढं केलेलं हक्कसोड किंवा साध्या कागदावरची संमती चालत नाही. ती करून देणाऱ्यानं पैसे घेतलेले असतात, अर्ज मात्र तुमचा परत येतो.

अर्ज दाखल झाला की नगर भूमापन कार्यालयातला परिरक्षण भूमापक, म्हणजे कार्डावरच्या नोंदी बघणारा कर्मचारी, नोटीस काढतो. हरकतीला पंधरा दिवस असतात. हरकत आली की प्रकरण सुनावणीला जातं, आणि वारस कोण यावरच वाद असेल तर दिवाणी न्यायालयाचा वारस दाखला आणावा लागतो. तो १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली मिळतो. त्या दाखल्याला वेळ लागतो, म्हणून घरातला वाद घरात मिटत असेल तर बघा.

मुदतींचा घोळ दोन ठिकाणी होतो. हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत कळवावं, असं महसूल संहितेत आहे. ते उलटले म्हणून हक्क बुडत नाही. तीस वर्षांनीही अर्ज करता येतो, ‘मुदत संपली’ म्हणून कोणी पैसे मागितले तर देऊ नका. उलट नगर भूमापन अधिकाऱ्यानं अर्ज फेटाळला, तर अपिलाला साठ दिवस आहेत आणि ते खरोखरच मोजतात. लोक नेमके याच वेळी “बघू गणपतीनंतर” म्हणतात.

खरेदी घेणाऱ्यांसाठी थोडं. संचकारपत्र (विसार देऊन केलेला करार) किंवा वटमुखत्यारपत्रावर (पॉवर ऑफ अॅटर्नी) कार्डाला नाव लागत नाही, नोंदणीकृत खरेदीपत्रच पाहिजे. कार्डावर अजून मयताचं नाव असेल, तर वारस नोंद होऊन सगळे वारस सहीला येईपर्यंत संचकाराची रक्कम देऊ नका. कार्डावर सत्ताप्रकाराच्या, म्हणजे जमीन कोणत्या हक्कानं धरलीय त्याच्या, रकान्यात ‘ब’ दिसला, तर जमीन सरकारनं अटींवर दिलेली असते. विक्रीला परवानगी लागते का, हे आधी विचारा. शहराबाहेर प्लॉट घेताना सातबारावर देवस्थान इनाम (देवस्थानाला इनाम दिलेली जमीन) लिहिलेलं आढळलं, तर व्यवहार तिथंच थांबवा.

नोंद मंजूर झाल्यावर नवा उतारा काढून नावांची अक्षरं तपासा. महापालिकेत घरफाळ्याला नाव लावायचा अर्ज वेगळा करावा लागतो, तो आपोआप होत नाही.