सुरई लिक्टेनस्टाइनची की कॉलफिल्डची?

फर्ग्युसन रोडवरच्या एका कॅफेत सुरयांचं पोस्टर आहे. जाड काळी रेघ, आत सपाट रंग, सावलीचा पत्ता नाही. खाली बसणारा दर दुसरा माणूस ‘लिक्टेनस्टाइन’ हे अमेरिकन चित्रकाराचं नाव घेऊन मोकळा होतो. चित्र ब्रिटिश चित्रकार पॅट्रिक कॉलफिल्डचं आहे. दोघांनी घरातल्याच वस्तू काढल्या, दोघांची काळी रेघ ठसठशीत, त्यामुळे गफलत होणारच.

न्यूयॉर्कच्या रॉय लिक्टेनस्टाइनने १९६१-६२ मध्ये वॉशिंग मशीन, फ्रिज, पायाने उघडायचा कचऱ्याचा डबा असं सगळं रंगवलं. पण समोर वॉशिंग मशीन ठेवून नव्हे. त्याची नजर छापील जाहिरातीवर. वस्तू सोपी करण्याचं काम जाहिरातवाल्याने आधीच उरकलेलं असायचं. लिक्टेनस्टाइन ते सोपेपण मोठं करून टांगायचा, कित्येकदा छपाईच्या ठिपक्यांसकट. थोडक्यात, पेपरातल्या सेलच्या पानावरचा मिक्सर.

लंडनच्या कॉलफिल्डचं (१९३६-२००५) उलट. त्याला ‘पॉप’ (जाहिराती, कॉमिक्स, रोजच्या वस्तू यांवर बेतलेल्या कलेचा) चित्रकार म्हटलेलं आवडायचं नाही. त्याचा आदर्श हुआन ग्रिस, वस्तू तोडून एकाच वेळी अनेक बाजूंनी दाखवणारा क्युबिस्ट चित्रकार; १९६३ मध्ये त्याने ग्रिसचं व्यक्तिचित्रच काढलं. सुरुवातीला तो दारं-खिडक्यांना मारतात तो चकचकीत ऑइलपेंट हार्डबोर्डवर वापरायचा. हाताची लकब दिसू नये, पाट्या रंगवणाऱ्या पेंटरसारखं काम व्हावं, हा हेतू. आपल्या पेठांमधल्या जुन्या दुकानांच्या पाट्या आठवा, म्हणजे ती रेघ लगेच ओळखीची वाटेल. त्याच्या १९६९ च्या ‘पॉटरी’त नुसती भांड्यांची गर्दी आहे, आणि माझ्या मते त्या शतकातल्या सर्वांत आनंदी चित्रांत ते मोडतं.

पण खरी गंमत १९७५ च्या ‘आफ्टर लंच’मध्ये. जेवणवेळ टळून गेलेलं रेस्टॉरंट, सगळं निळ्या रंगात आणि काळ्या रेघांत. रेंगाळणारा वेटरसुद्धा तसाच. तपशीलवार, फोटोसारखा भाग एकच: भिंतीवरचा तळ्याकाठच्या किल्ल्याचा देखावा. म्हणजे खरी जागा रेघांपुरती उरली आणि नकली देखावा मात्र खराखुरा दिसतोय! दुपारी तीनला डेक्कनवरच्या रिकाम्या हॉटेलात बसलेल्याला ही मरगळ वेगळी समजवावी लागत नाही.

तांबट आळीतला बंब दोघांना दिला असता तर? लिक्टेनस्टाइनने आधी बंबाची जाहिरात शोधली असती. कॉलफिल्डने न्हाणीघराची भिंत, तिचा रंग आणि त्या वेळचा उजेड पाहिला असता.

ठिपके नाहीत म्हणजे लिक्टेनस्टाइन नाही, ही खूण मात्र बेभरवशाची. सत्तरच्या दशकात त्यानेही सुरया, बाटल्या, लिंबं काढली, आणि १९७५ च्या सुमाराची काही चित्रं पाहून जाणकारही क्षणभर थबकतील. ती ल कोर्बुझिए आणि ओझाँफाँ या चित्रकारांच्या ‘प्युरिस्ट’, म्हणजे वस्तू साध्या-नेटक्या आकारांत मांडणाऱ्या, स्थिरचित्रांवरून केलेली आहेत. इथेही त्याच्यासमोर बाटली नव्हतीच, दुसऱ्यांनी काढलेल्या बाटल्या होत्या.