प्रोजेक्ट मॅनेजर (सरकारी बांधकाम)

सरकारी पैशातून होणाऱ्या बांधकामात मालक खात्याच्या वतीने काम, खर्च आणि मुदत सांभाळणारा माणूस. तो खात्याचा अधिकारी असतो किंवा नेमलेल्या सल्लागार कंपनीचा. कंत्राटदाराकडेही याच नावाचा माणूस असतो, पण तो वेगळा विषय.

हे पद कधीपासूनचं यावर एकमत नाही. बरेचजण १९५४ नंतरच्या अमेरिकन हवाई दलाच्या क्षेपणास्त्र प्रकल्पांकडे आणि जनरल बर्नार्ड श्रीव्हर यांच्याकडे बोट दाखवतात, शिवाय कामांचं वेळापत्रक आखायच्या दोन पद्धती, ड्यूपॉन्ट कंपनीची क्रिटिकल पाथ (साधारण १९५७) आणि अमेरिकन नौदलाची पर्ट (१९५८), त्याच काळातल्या, म्हणून ही कथा छान जुळून येते. पण बांधकामापुरतं बघितलं तर ती जरा ताणलेलीच वाटते. तिथे हे काम मालकाने नेमलेला इंजिनियर आधीपासून करतच होता, फिडिक या सल्लागार इंजिनियरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या १९५७ च्या पहिल्या रेड बुकातही (म्हणजे बांधकाम कंत्राटाच्या नमुना अटींतही) देखरेख, बिलाचं सर्टिफिकेट आणि वादाचा पहिला निर्णय हे सगळं त्याच्याकडेच होतं. ब्रिटनमधल्या एनईसी या नमुना कंत्राटाने १९९३ मध्ये हे फोडलं: डिझाइन एकाकडे, कामाचा दर्जा तपासणं सुपरवायझरकडे, वाद त्रयस्थ अ‍ॅडज्युडिकेटरकडे आणि उरलेला कारभार प्रोजेक्ट मॅनेजरकडे.

मग प्रश्न आला की हा माणूस एकट्या मालकाचा की मालक आणि कंत्राटदार दोघांचा? फिडिकच्या १९९९ च्या आवृत्तीत इंजिनियर मालकाच्या वतीने वागतो असं सरळ लिहिलं, २०१७ मध्ये मात्र निर्णय देताना त्याने तटस्थ राहावं हे परत आणलं. एनईसीबाबत इंग्लंडच्या कोर्टात २००५ साली कॉस्टेन (कंत्राटदार) विरुद्ध बेक्टेल (प्रोजेक्ट मॅनेजरच्या बाजूची कंपनी) खटला झाला, त्यात कंत्राटदाराला मनाईहुकूम मिळाला नाही, पण पैसे ठरवताना प्रोजेक्ट मॅनेजरने निःपक्ष असावं याकडेच न्यायाधीशांचा कल दिसला आणि तेच पटण्यासारखं आहे, नाहीतर त्याच्या सर्टिफिकेटला किंमत काय राहणार.

मुदती हा खरा कसोटीचा भाग. समजा पायाच्या खोदाईत अंदाजात नसलेला खडक लागला. १९९९ च्या फिडिकमध्ये कंत्राटदाराने २८ दिवसांत नोटीस द्यायची, ती चुकली तर मुदतवाढही नाही आणि पैसेही नाहीत. एनईसीत त्याला आठ आठवडे मिळतात, पण तिथे उलटी टाच प्रोजेक्ट मॅनेजरवर येते: त्याने वेळेत उत्तर दिलं नाही, आठवण करून दिल्यावरही दोन आठवडे गप्प बसला, तर दावा मान्य धरला जातो. सरकारी कामात याचा फार त्रास होतो कारण कंत्राटात निर्णय त्याचा असला तरी ठराविक रकमेच्या वर खात्याची मंजुरी लागते, फाइल वित्त विभागात फिरत असते आणि इकडे कंत्राटाचं घड्याळ चालूच. म्हणूनच जाणकार मालक प्रोजेक्ट मॅनेजरच्या मंजुरीची मर्यादा टेंडर काढण्याआधीच ठरवून ठेवतात.

बाकी साइट मीटिंगा, प्रगती अहवाल, चालू बिलं ही कामं इतर बांधकामासारखीच, फक्त इथे प्रत्येक कागद पुढे ऑडिटसमोर जाणार असतो.