लायपोब्लास्टोमा आणि मिक्सॉइड लायपोसार्कोमा: पेशी सारख्या दिसल्या तरी गाठी वेगळ्या

लहान बाळाच्या मांडीत नाहीतर पाठीवर मऊ गाठ वाढायला लागते, बायोप्सी होते, रिपोर्टमध्ये 'लायपोब्लास्ट दिसतात' असं असतं आणि आईबाबा नेटवर शोधत शोधत थेट लायपोसार्कोमावर म्हणजे कॅन्सरवर जाऊन पोचतात, पुढची रात्र कशी जाते ते सांगायला नको. लायपोब्लास्ट म्हणजे अजून पूर्ण तयार न झालेली फॅटची पेशी, आत फॅटचे बारीक थेंब आणि त्यांच्या दाबाने चेपलेलं केंद्रक. ही पेशी लायपोब्लास्टोमा आणि मिक्सॉइड (म्हणजे बुळबुळीत भाग असलेला) लायपोसार्कोमा या दोन्ही गाठींत सापडते, त्यामुळे नुसती ती दिसली म्हणून कॅन्सर ठरत नाही.

लायपोब्लास्टोमा कॅन्सर नाही, बहुतेक 3 वर्षांच्या आतल्या मुलांना होतो. स्लाइडवर फॅटचे कप्पे दिसतात, मधे तंतूंच्या भिंती, आणि एकाच कप्प्यात पेशींच्या सगळ्या पायऱ्या: बुळबुळीत भागात चांदणीच्या आकाराच्या कोवळ्या पेशी, मग लायपोब्लास्ट, मग पूर्ण तयार फॅट. पुष्कळदा तयार फॅट मध्यभागी आणि कोवळ्या पेशी कडेला असतात. मला तरी हाच सगळ्यात बोलका पुरावा वाटतो, कारण इथे पेशी खरंच पूर्ण तयार होत जातायत, काही गाठी तर पुढे जवळजवळ साध्या लायपोमासारख्या, म्हणजे फॅटच्या निरुपद्रवी गाठीसारख्या होऊन जातात.

मिक्सॉइड लायपोसार्कोमा मुख्यतः मोठ्या माणसांचा, बऱ्याचदा मांडीत खोलवर, 10 वर्षांखाली फारच क्वचित. पण तिथेही तसाच बुळबुळीत भाग, तशीच नाजूक केशवाहिन्यांची जाळी आणि पेशीही फार विचित्र दिसत नाहीत, म्हणून सुईने घेतलेल्या छोट्याशा तुकड्यात नेमका तेवढाच भाग आला तर भलेभले अडतात. कप्प्यांची ती ठळक रचना आणि पायरीपायरीने तयार होणं मात्र इथे सहसा नसतं. गोल पेशींची दाटी 5 टक्क्यांच्या वर गेली की गाठ जास्त आक्रमक धरतात.

तरीही शंका उरली तर जीन टेस्ट. लायपोब्लास्टोमात बहुतेकदा 8व्या गुणसूत्रावरच्या पीएलएजी१ जीनमध्ये उलथापालथ असते, मिक्सॉइड लायपोसार्कोमात सहसा 12व्या आणि 16व्या गुणसूत्राच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन एफयूएस आणि डीडीआयटी३ हे जीन जोडले जातात. रिपोर्ट हातात आला की वय, कप्पे आणि ही टेस्ट, तिन्हीबद्दल डॉक्टरांना विचाराच. लायपोब्लास्टोमा शरीरात पसरत नाही, पण आजूबाजूच्या स्नायूंत शिरलेला प्रकार पूर्ण निघाला नाही तर परत येऊ शकतो, त्यामुळे ऑपरेशननंतर काही वर्षं फॉलोअप सोडू नका.