कार्पेटखालची चंदेरी शीट उष्णता अडवते का?

एका स्नेह्यांनी त्यांच्या गाडीचे फोटो पाठवले. सीट काढलेल्या, कार्पेट गुंडाळून बाजूला ठेवलेलं, आणि तळाचा पत्रा या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत चंदेरी शीटनं मढवलेला. खाली प्रश्न होता: 'एवढं करूनही पायाला चटका बसतोच आणि टायरची घरघरही ऐकू येते. शीट नकली निघाली का?'

शीट अस्सलच होती. पण तिचं काम वेगळं आहे, आणि ते इतकं सुंदर आहे की त्यावर सविस्तर लिहायलाच हवं.

गाडीचा तळ म्हणजे जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा पोलादी पत्रा. स्टीलच्या ताटावर चमचा मारला की ते बराच वेळ घणघणत राहतं, कारण पोलाद कंपनाची ऊर्जा स्वतःत जिरवत नाही. एका हेलकाव्यात त्यातली शेकडा एक भाग ऊर्जाही खर्च होत नाही. इंजिन आणि रस्ता यांचे हादरे पत्र्याच्या नैसर्गिक वारंवारतेशी जुळले, की अख्खा तळ स्पीकरच्या पडद्यासारखा हलतो आणि गाडीतली हवा हलवतो. त्या ताटाला नुसतं बोट टेकवलं तरी आवाज थांबतो. ही चंदेरी शीट, म्हणजे कंपन जिरवणारी 'डॅम्पिंग शीट', हे कायम टेकवून ठेवलेलं बोट आहे.

या शीटचा काळा चिकट थर ब्यूटाइल रबराचा असतो. साध्या रबराच्या चेंडूत साठलेली ऊर्जा जवळपास सगळी परत मिळते, म्हणून तो उसळतो. ब्यूटाइलचा चेंडू मात्र नेहमीच्या तापमानाला जमिनीवर पडला की मेल्यासारखा बसतो. त्याच्या रेणूंच्या लांब साखळीत एकाआड एक कार्बन अणूवर दोन-दोन मिथाइल गट खेटून बसलेले असतात. साखळी हलायला गेली की हे गट एकमेकांना अडवतात, हालचाल मागे रेंगाळते, आणि या रेंगाळण्यातच कंपनाची ऊर्जा उष्णता होऊन जाते. याच दाटीवाटीमुळे हवेच्या रेणूंनाही त्यातून वाट मिळत नाही, म्हणून टायरच्या ट्यूबही ब्यूटाइलच्याच करतात. हवा धरून ठेवणं आणि आवाज जिरवणं, दोन्हींचं मूळ एकच!

आता त्या चंदेरी फॉइलकडे येऊ. एक जाडशी वही हातात धरून वाकवा. पानांच्या कडा पायऱ्यांसारख्या सरकलेल्या दिसतील, कारण वाकताना प्रत्येक थराला शेजारच्या थरावर घसरावं लागतं. पत्र्यावर नुसतं रबर असेल तर पत्रा वाकताना रबर फक्त थोडं ताणलं जातं. पण वरून ॲल्युमिनियमची न ताणली जाणारी फॉइल घट्ट चिकटवली, की रबर खालचा पत्रा आणि वरची फॉइल यांच्या कात्रीत सापडतं. खालची बाजू एकीकडे सरकू पाहते, वरची तिला धरून ठेवते आणि मधलं रबर आडवं पिळलं जातं. याला कर्तन म्हणतात. तितक्याच जाडीच्या रबराकडून यात कितीतरी जास्त ऊर्जा जिरते. एडवर्ड कर्विन यांनी याचं गणित 1959 मध्ये मांडलं. चांगली बसवलेली शीट पत्र्याचा ऱ्हासगुणांक (कंपनाची ऊर्जा किती झपाट्यानं जिरते याचं माप) हजारांशापासून दहांशापर्यंत नेऊ शकते, म्हणजे प्रत्येक हेलकाव्यात निम्म्याच्या आसपास ऊर्जा संपते.

थोडक्यात, फॉइल तिथे चमकण्यासाठी नसते, पकडण्यासाठी असते. म्हणूनच रोलर फिरवून शीट दाबणं हे कामाचं अर्धं यश. खाली बुडबुडा किंवा तेलकटपणा राहिला, तर पकडच नाही. आणि सगळा तळ मढवण्याची गरजही नाही. दुमडी घातलेले भाग मुळातच ताठ असतात. मोठ्या सपाट भागांचा मधला चौथा हिस्सा झाकला तरी बराचसा परिणाम मिळतो.

शीट लावणारे पत्र्यावर ठोकून दाखवतात: आधी 'ठण', मग 'ठप'. हा फरक खरा आहे, पण तो फक्त पत्र्याच्या स्वतःच्या कंपनाचा. टायरचा आवाज हवेतून येतो तेव्हा तो अडवायला वजन लागतं. नियम कठोर आहे: दर चौरस मीटरचं वजन दुप्पट केलं की फक्त 6 डेसिबल कमी. पाऊण मिलिमीटर पत्रा चौरस मीटरला सुमारे 6 किलो भरतो, म्हणजे तेवढंच वजन आणखी टाकायला हवं. त्यासाठी जड व्हिनाइलची चादर मिळते, पण ती पत्र्याला थेट चिकटवू नये. मध्ये मऊ फोम असला की चादर पत्र्यापासून सुटी राहते आणि मधल्या-वरच्या वारंवारतांना वजनाच्या हिशेबापेक्षा जास्त रोखते. चादरीत फटी मात्र नकोत. क्षेत्रफळाच्या शेकडा 1 भाग उघडा राहिला, तर उरलेली भिंत कितीही भक्कम असो, 20 डेसिबलच्या पुढे जाता येत नाही.

राहिला पायाचा चटका. ॲल्युमिनियम उष्णतेच्या अवरक्त किरणांपैकी शेकडा 95 च्या आसपास परत फेकतं हे खरं, पण त्यासाठी समोर हवेची पोकळी लागते. कार्पेट फॉइलवर दाबून बसलं की उष्णता स्पर्शानं वाहते, आणि ॲल्युमिनियमची उष्णतावहनक्षमता (वॅट प्रति मीटर-केल्विनमध्ये) 200 च्या वर आहे. स्थिर हवेची ती फक्त 0.025, बंद पेशींच्या फोमची, म्हणजे ज्याची छिद्रं एकमेकांना जोडलेली नसतात अशा फोमची, 0.04 च्या आसपास. 2 मिलिमीटर रबरापेक्षा 6 मिलिमीटर फोम दहापटीहून जास्त रोध करतो. चमक जिथे कामाला येते ती जागा पत्र्याखाली आहे, सायलेन्सरचा पाइप आणि तळ यांच्यामधल्या मोकळ्या जागेत. कारखान्यात तिथे लावलेली ॲल्युमिनियमची ढाल सैल झाली किंवा गळून पडली असेल, तर आधी ती बसवावी. 'अंतराळयानातलं तंत्रज्ञान' किंवा 'नॅनो सिरॅमिक' अशी लेबलं लावून विकल्या जाणाऱ्या केसभर जाडीच्या थरांवर विश्वास ठेवू नका. उष्णता वहनानं येत असेल तर जाडीला पर्याय नाही.

बिटुमेनची, म्हणजे डांबराची, शीटही कंपन जिरवते, पण तापली की ढिली पडते, वासही मारते आणि थंडीत तडकते. आणि स्पंजासारखा उघड्या पेशींचा फोम तळाला कधीच नको: पावसाळी बुटांचं पाणी तो महिनोन्‌महिने धरून ठेवतो आणि पत्रा खालून नाही, वरून गंजतो.

स्नेह्यांना मी शीट काढायला सांगितली नाही. तिच्यावर बंद पेशींचा फोम, त्यावर व्हिनाइल, आणि सीटखालच्या एअरबॅगच्या वायरी व पाणी काढायच्या भोकांची बुचं या थरांखाली झाकायची नाहीत, एवढंच कळवलं. ढाल तपासल्यावर तिचा एक बोल्ट गायब निघाला.