अँटिबायोटिकऐवजी काय? ब्रॉयलरपालकांसाठी माहिती
(निफाड, सिन्नर, दिंडोरी परिसरातील आमच्या ग्राहकांसाठी)

पिल्ले आजारी नसतानाही वजन वाढावे म्हणून खाद्यात थोडे थोडे अँटिबायोटिक घालण्याची पद्धत वर्षानुवर्षे चालत आली. त्या अल्प मात्रेत तगून राहिलेले जंतू पुढे औषधाला दाद देत नाहीत आणि लिटर (शेडमधील तुसाचे अंथरूण), पाणी, मांस यांतून माणसापर्यंत येतात. म्हणूनच युरोपीय संघाने २००६ पासून वाढीसाठीची अँटिबायोटिके बंद केली. आपल्याकडे २०१९ मध्ये केंद्र सरकारने कोंबड्यांसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली, कारण माणसाच्या गंभीर संसर्गात डॉक्टरांकडे उरणाऱ्या शेवटच्या औषधांपैकी ते एक आहे.

पर्याय आहेत, पण प्रत्येकाचे काम वेगळे. प्रोबायोटिक म्हणजे उपयोगी जिवाणू. पेलेट (गोळी) खाद्यासाठी बॅसिलस जातीचे घ्यावे. त्याचे बीजाणू पेलेटची उष्णता सोसतात, लॅक्टोबॅसिलस सहसा सोसत नाही. यीस्टच्या पेशीभित्तिकेतील एमओएस या शर्करेला ई. कोलाय व साल्मोनेला हे जंतू चिकटतात आणि विष्ठेतून बाहेर पडतात. ब्युटिरिक आम्ल आतड्याच्या अस्तराला पोषण देते, तर फॉर्मिक आम्ल खाद्यातील व पाण्यातील जंतू रोखते.

वनस्पतींच्या तेलांबद्दल सर्वाधिक विचारणा होते. ओव्यात थायमॉल, दालचिनीत सिनामाल्डिहाइड असते आणि दोन्ही जंतूंना मारक आहेत. तरी घरचा ओवा दळून खाद्यात मिसळू नका. तेलाचे प्रमाण प्रत्येक मालात बदलते, आणि आवरण नसलेले तेल बरेचसे वरच्या आतड्यातच शोषले जाते. खालच्या भागात, जिथे त्याची गरज असते, तिथे फारसे उरत नाही.

यातले काहीही औषध नाही. मर वाढली, रक्ती हगवण दिसली, तर पशुवैद्यकांना बोलवा. त्यांनी अँटिबायोटिक दिले तर पूर्ण कोर्स करा आणि विक्रीआधी औषध थांबवण्याचे दिवस पाळा. रक्ती हगवणीवरचे खाद्यातील कॉक्सिडिओस्टॅट आमच्या सांगण्यावरून कधीही बंद करू नका.

वरीलपैकी जे पूरक द्रव्य निवडाल ते पहिल्या दिवसापासून द्यावे, कारण आतड्यात कोण वस्ती करणार हे सुरुवातीच्या दिवसांतच ठरते. निफाडकडच्या थंडीत ब्रूडर (पिल्लांना ऊब देणारे साधन) कमी पडला, पिल्ले एकावर एक चढली, तर महागडे पाकीटही वाया जाते. पहिल्या दिवशी पिल्लांच्या उंचीवर ३२ ते ३४ अंश तापमान हवे. तूस ओले राहू देऊ नका. मक्याची आर्द्रता १३ टक्क्यांच्या आत ठेवा; बुरशीचे विष आतड्यासकट यकृतही बिघडवते.

पाण्यातून प्रोबायोटिक द्यायचे असेल तर त्या पाण्यात क्लोरीन टाकू नका, नाहीतर जिवाणू टाकीतच मरतात. लासोटा (रानीखेत रोगाची) किंवा गंबोरो रोगाची लस पाण्यातून देण्याच्या आदल्या दिवसापासून दुसऱ्या दिवसापर्यंत क्लोरीन आणि आम्ल दोन्ही बंद ठेवा. करार पद्धतीने पालन करत असाल तर आधी कंपनीच्या सुपरवायझरला विचारा. खाद्य त्यांचे, जबाबदारीही त्यांची.

आमच्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा स्वतः पडताळा. शेडच्या मधोमध जाळी लावा, एकाच हॅचरीची पिल्ले दोन्हीकडे सारखी सोडा आणि एकाच बाजूला पूरक द्रव्य द्या. दर आठवड्याचे वजन, खाल्लेले खाद्य, मर वेगवेगळी लिहा. एफसीआरमधला (किलोभर वजनासाठी लागलेल्या खाद्यातला) फरक पाकिटाचा खर्च भरून काढत नसेल, तर ते घेऊ नका. दुकानात येताना ती वही सोबत आणा. मात्रा त्यावरूनच ठरवू.